टाइमलाइनवर आवाज अडखळतो, चिरकतो, मागे पडतो: कॉम्प्रेस्ड ऑडिओचं निदान आणि दुरुस्ती

सोलापुरात एडिटिंगच्या टेबलावर येणाऱ्या ऑडिओत वेव्ह, म्हणजे न दाबलेली ऑडिओ फाइल, क्वचितच असते. हॉलच्या मिक्सरला खोचलेल्या पेनड्राइव्हवर एमपी३ उतरलेली असते, नवरीच्या मामाच्या मोबाइलमध्ये एमपी४ व्हिडिओ असतो, निवेदकाने घरूनच फोनवर बोलून एम४ए पाठवलेली असते आणि आजीचा आशीर्वाद व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस नोटमधून येतो. साध्या प्लेअरमध्ये या चारही फायली नीट वाजतात. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकून दोन-चार कट मारले की मात्र कुठेतरी टक्क आवाज येतो, एखादं अक्षर गिळलं जातं, नाहीतर अर्ध्या तासानंतर ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे जातात. ग्राहकाला वाटतं एडिटिंगच कच्चं आहे. खरं तर बहुतेक वेळा दोष फाइलच्या बांधणीत असतो आणि कामाला हात घालण्याआधीच तो पकडता येतो.

बांधणी थोडी समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. वेव्हमध्ये प्रत्येक सॅम्पल, म्हणजे क्षणाक्षणाला घेतलेलं आवाजाचं माप, आपापल्या जागी सुटा ठेवलेला असतो. एमपी३मध्ये ११५२ सॅम्पलची एक फ्रेम असते, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे २६ मिलिसेकंद. एएसीची (एम४ए-एमपी४मधल्या कॉम्प्रेशनची) फ्रेम १०२४ सॅम्पलची, ४८ किलोहर्ट्झला सुमारे २१ मिलिसेकंद. फ्रेमच्या मधोमध उडी मारता येत नाही, पूर्ण फ्रेम उलगडावी लागते. त्यात एमपी३ची फ्रेम जागा वाचवण्यासाठी आपला थोडा डेटा आधीच्या फ्रेमांमध्ये ठेवते. म्हणून एक फ्रेम नासली की तिच्यानंतरच्या एक-दोन फ्रेमाही बिघडतात. प्लेअर सुरुवातीपासून सरळ वाजवत जातो, त्यामुळे त्याला अडचण येत नाही. एडिटर कट, उडी, रिव्हर्स, स्क्रब यांत सतत मधूनच फाइल उघडत असतो, आणि तिथेच गडबड होते.

यावरून निघणारा नियम एकच: कॉम्प्रेस्ड फाइल टाइमलाइनवर ठेवून एडिट करू नका. तिचं एकदाच वेव्ह करा आणि पुढचं सगळं काम त्या वेव्हवर करा. पण रूपांतराआधी निदान हवं. मूळ फाइलमध्ये दोष असेल तर तो वेव्हमध्ये कायमचा बसतो आणि मग कारण शोधायला काही उरत नाही.

दोष फाइलचा की मशीनचा

ज्या जागी खरखर ऐकू आली तिथे मार्कर लावा, पाच सेकंद मागे जा आणि तीनदा वाजवा. तीनही वेळा नेमकी त्याच जागी आली तर दोष फाइलमध्ये आहे. जागा बदलत असेल, किंवा कधी येते कधी येत नाही असं असेल, तर मशीनला वेळेत डेटा पुरवता येत नाहीये. खात्री करायची तर तेवढा तीस सेकंदांचा तुकडा वेव्ह म्हणून एक्सपोर्ट करून वायरच्या हेडफोनवर ऐका. एक्सपोर्ट स्वच्छ असेल तर फाइलला हात लावायचं कारण नाही.

मूळ फाइल व्हीएलसी प्लेअरमध्येही वाजवून पाहा, पण त्यावर विसंबू नका. प्लेअर नासलेली फ्रेम गुपचूप ओलांडून पुढे जातात, त्यामुळे तिथे दोष जाणवला नाही म्हणजे दोष नाही असं होत नाही. एमपी३साठी फूबार२००० या प्लेअरमध्ये फाइलची अखंडता तपासण्याची सोय आहे. खराब फ्रेम असतील तर ती सांगते.

दोष मशीनचा निघाला तर आधी फाइल पेनड्राइव्हवरून किंवा मेमरी कार्डवरून थेट वाजते आहे का ते बघा. कार्डवरून एडिट करणं बंद करा, सगळं आतल्या एसएसडीवर उतरवून घ्या. मग सॉफ्टवेअरच्या ऑडिओ हार्डवेअर सेटिंगमध्ये बफर वाढवा: रेकॉर्डिंग करताना २५६ सॅम्पल ठीक, एडिटिंगला १०२४ ठेवायला काहीच हरकत नाही, उशीर जेमतेम २१ मिलिसेकंदांचा पडतो. ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवा. सॉफ्टवेअरने त्याचा माइक निवडला की हेडफोन फोनकॉलच्या मोडमध्ये जातो आणि आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा मोनो होतो. शिवाय ब्लूटूथचा उशीर इतका असतो की ओठ जुळतात की नाही हे त्यावर ठरवणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

आणि एप्रिल-मेमधला सोलापूरचा उकाडा. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालतील असे बनवलेले असतात. इथे दुपारी बाहेर चाळिशी कधीच ओलांडलेली असते आणि पत्र्याखालच्या खोलीत तर विचारूच नका. प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग कमी करतो. सकाळी सुरळीत चाललेला प्रोजेक्ट दुपारी तीनला अडखळायला लागतो तो यामुळे. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाशेजारी स्टुडिओ असेल तर सुताचे बारीक तंतू पंख्याच्या जाळीत बसतात; उन्हाळ्याआधी ती जाळी साफ करून घ्या. प्रोजेक्ट अडला असेल आणि लॅपटॉप कूलरसमोर ठेवूनही भागत नसेल, तर एक्सपोर्ट रात्री लावा.

विंडोजवर एवढं करूनही टकटक राहिली तर लेटन्सीमॉन हे तपासणीचं सॉफ्टवेअर चालवा. वायफायचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून ठेवत असेल तर त्याचं नाव तिथे दिसतं.

प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरची एक खास गोष्ट. एमपी३सारखी कॉम्प्रेस्ड फाइल आत घेतली की प्रीमिअर पडद्यामागे तिची ३२ बिट फ्लोट प्रत बनवतो आणि ती मीडिया कॅशमध्ये ठेवतो. खालच्या कोपऱ्यात कन्फॉर्मिंग असं लिहून येतं ते हेच. ते संपायच्या आत कट मारायला सुरुवात केली, किंवा कॅशच्या ड्राइव्हवरची जागा संपली, तर आवाज मधूनच गायब होतो किंवा वेव्हफॉर्म दिसतो पण ऐकू काहीच येत नाही. प्रेफरन्सेसमधल्या मीडिया कॅशमध्ये जाऊन जुन्या फायली डिलीट करा, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा आणि कन्फॉर्मिंग पूर्ण होऊ द्या. अर्धे आवाज गायब होण्याचे प्रकार एवढ्यानेच सुटतात.

मीडियाइन्फोमध्ये काय बघायचं

मीडियाइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक एडिटिंग मशीनवर असायलाच हवं. फाइल त्यात टाकून पाच गोष्टी कागदावर उतरवा: कोडेक (कॉम्प्रेशनची पद्धत), सॅम्पलिंग रेट, बिटरेट स्थिर की बदलता, चॅनल किती, आणि व्हिडिओ असेल तर फ्रेमरेट स्थिर की बदलता. शिवाय व्हिडिओची लांबी आणि ऑडिओची लांबी तिथे स्वतंत्र दिलेली असते. त्यांच्यात सेकंदाहून मोठा फरक असेल तर सिंकची भानगड पुढे येणार हे आताच समजून घ्या.

नावावर जाऊ नका. शेवटी एमपी३ लिहिलेल्या फाइलमध्ये आत एएसी असू शकतो, कुणीतरी फक्त नाव बदललेलं असतं. तसंच फाइलच्या नावात मराठी, तेलुगू किंवा कन्नड अक्षरं, इमोजी किंवा लांबलचक वाक्य असेल तर काही जुनी सॉफ्टवेअर आणि प्लगइन ती उघडतच नाहीत आणि फाइल खराब असल्याचा संदेश देतात. आपल्याकडे एकाच लग्नाच्या फायली तीन लिप्यांमध्ये येतात, म्हणून हे आवर्जून सांगतो. साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे असलेलं नाव द्या, मग इम्पोर्ट करा.

वेव्ह कसं करायचं

ऑडॅसिटी हे ऑडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. एमपी३ थेट उघडते. विंडोजवर एम४एसाठी, आणि जुन्या आवृत्तीत ओपससाठीही (व्हॉइस नोटचा कोडेक), एफएफएमपेगची लायब्ररी वेगळी बसवावी लागते. एकदा बसवली की व्हिडिओतला आवाजही थेट काढता येतो. फायली खूप असतील तर शटर एन्कोडर या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या एकदम टाकून वेव्ह निवडा, तो एका दमात करून देतो.

सॅम्पलिंग रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा, कारण व्हिडिओचं सगळं जग ४८वर चालतं. मूळ फाइल ४४.१ असेल तर ती इथेच, एकदाच, ४८वर नेऊन टाका. बिटची खोली ३२ बिट फ्लोट निवडा. याला कारण आहे. मास्टर, म्हणजे ज्यावरून एमपी३ बनली ते अंतिम रेकॉर्डिंग, शून्य डेसिबलपर्यंत ठासून भरलेला असेल, आणि बाजारातली बहुतेक गाणी तशीच असतात, तर एमपी३ उलगडताना त्याची शिखरं शून्याच्या वर जातात. १६ बिटमध्ये ती कापली जातात आणि आवाज चिरकतो. फ्लोटमध्ये ती शाबूत राहतात. मग गेन ३ डेसिबलने खाली घेतला की चिरकणं जातं. कित्येक वेळा गाणं खराब आहे म्हणून टाकून दिलं जातं, तेव्हा त्याला एवढंच हवं असतं. गेन खाली घेऊनही लाटांचे माथे सपाटच दिसत असतील तर ते रेकॉर्डिंगच्या वेळीच कापले गेलेत. तिथे ऑडॅसिटीचा क्लिप फिक्स थोडीफार मदत करतो, चमत्कार करत नाही.

जागेचा हिशेब आधी करा. ४८ किलोहर्ट्झ स्टीरिओ १६ बिटला मिनिटाला साडेअकरा एमबी लागतात, २४ बिटला सव्वासतरा, ३२ बिट फ्लोटला २३. म्हणजे तीन तासांचा कार्यक्रम फ्लोटमध्ये चार जीबीच्या आसपास जातो, आणि साधी वेव्ह फाइल चार जीबीवर संपते. लांब कार्यक्रम तासा-तासाच्या तुकड्यांत काढा.

वेव्ह केल्याने दर्जा वाढत नाही हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. १२८ केबीपीएस बिटरेटच्या एमपी३मध्ये जे गेलं ते गेलं. वेव्ह केल्यावर पुढची हानी थांबते एवढाच त्याचा उपयोग, आणि तो मोठा आहे.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, कारण लोक चूक मोजायच्या आधीच क्लिप सरकवायला लागतात. फरक किती आहे आणि तो वाढतो का, हे दोन प्रश्न आधी सोडवा. सुरुवातीच्या पाच मिनिटांत एखादा ठळक क्षण शोधा: टाळी, फटाका, माइकवर टकटक केलेलं बोट. तसाच एक शेवटच्या पाच मिनिटांत. दोन्हीकडे चित्र आणि आवाज यांतला फरक व्हिडिओच्या फ्रेममध्ये मोजून लिहा.

दोन्हीकडे सारखाच, एखाद-दुसऱ्या फ्रेमचा फरक असेल तर ती एन्कोडरने (फाइल कॉम्प्रेस करणाऱ्या सॉफ्टवेअरने) सुरुवातीला घातलेली रिकामी जागा आहे. लेम एन्कोडरने बनवलेल्या एमपी३मध्ये एन्कोडर आणि डिकोडर मिळून ११०५ सॅम्पल म्हणजे सुमारे २५ मिलिसेकंद सरकतात. अॅपलच्या एएसी एन्कोडरमध्ये २११२ सॅम्पल, ४८ किलोहर्ट्झला ४४ मिलिसेकंद. पंचवीस फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे आवाज एका फ्रेमने मागे पडलेला दिसणार. ही जागा किती सोडायची याची नोंद फाइलमध्येच असते, पण काही सॉफ्टवेअर ती वाचतात आणि काही वाचत नाहीत. म्हणून तीच फाइल एका ठिकाणी जुळते आणि दुसरीकडे नाही. आवाज टाइमलाइनवर तेवढा डावीकडे सरकवा, काम झालं. एमपी३चा लूप जोडताना सांध्यावर जो क्षणभर खड्डा जाणवतो तोही हाच. वेव्ह करून सुरुवातीची आणि शेवटची शांतता कापल्याशिवाय लूप सलग होत नाही.

फरक एकसारखा वाढत जात असेल तर तासाला किती वाढतो यावरून कारण कळतं. तासाला ३.६ सेकंद म्हणजे २९.९७ आणि ३० फ्रेमची गल्लत. सिक्वेन्सचा फ्रेमरेट तपासा. तासाची फाइल ५५ मिनिटं ७ सेकंदांत संपते आणि आवाज चढलेला वाटतो, तेव्हा ४४.१ची फाइल ४८ समजून वाजवली जाते आहे. उलट झालं तर तासाचे ६५ मिनिटं १८ सेकंद होतात आणि आवाज जड पडतो. गायकांना हे आधी कळतं: आवाज चढला असेल तर काळी एकमधलं भजन पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतं, पेटीवर कुठलीच पट्टी लागत नाही. इथे पिच बदलण्याचा इफेक्ट लावू नका, फाइलचा मूळ रेट सॉफ्टवेअरला बरोबर सांगा. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतला रेट बदलला की लगेच ताळ्यावर येतं. तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवा: मेनूतला रेट बदलणं म्हणजे चुकीची ओळख सुधारणं, आणि रिसॅम्पल म्हणजे खरोखर नवा रेट बनवणं. एकाच्या जागी दुसरं केलं तर गोंधळ दुप्पट होतो.

तासाला दोन-चार फ्रेमचाच फरक पडत असेल तर ती दोन यंत्रांच्या घड्याळांतली तफावत आहे. कॅमेऱ्याचा आणि रेकॉर्डरचा क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखा नसतो. हुतात्मा स्मृती मंदिरातलं दोन-अडीच तासांचं नाटक मिक्सरवरून वेगळं रेकॉर्ड केलं असेल तर हे होणारच. ताणून बसवण्यापेक्षा दर पंधरा-वीस मिनिटांनी, दोन संवादांमधल्या शांत जागी कट मारून एखादी फ्रेम सरकवणं बरं. ताणल्याने आवाजाच्या पोतावर परिणाम होतो, शांततेतला कट कुणाला कळत नाही.

फरक कधी वाढतो, कधी कमी होतो, तेव्हा दोनपैकी एक. मोबाइलचा व्हिडिओ बदलत्या फ्रेमरेटचा असतो: उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो फ्रेम कमी करतो. एडिटिंगआधी हँडब्रेक या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओच्या पानावर कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून फाइल बनवून घ्या, आणि ऑडिओला पासथ्रू द्या म्हणजे तो पुन्हा कॉम्प्रेस होणार नाही. डिस्कवर जागा असेल तर शटर एन्कोडरमधून प्रोरेझ किंवा डीएनएक्सएचडी (एडिटिंगसाठीचे फॉरमॅट) करणं अधिक चांगलं. दुसरी शक्यता बदलत्या बिटरेटची एमपी३. अशा फाइलच्या सुरुवातीला कुठला क्षण कुठे आहे याचा एक तक्ता असतो. तो नसेल तर सॉफ्टवेअर सरासरी धरून उडी मारतं आणि दर वेळी थोडं चुकतं. पाऊण तासाची फाइल तास-सव्वा तासाचीही दिसते. फूबार२०००च्या युटिलिटीजमध्ये व्हीबीआर हेडर दुरुस्त करायची सोय आहे. ती चालवा, नाहीतर सरळ वेव्ह करा. पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग उलगडताना तक्ता लागतच नाही.

हलगी, टाळ आणि यंत्रमाग

सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, नंदीध्वजांच्या मिरवणुकीत किंवा संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्यात मोबाइलवर धरलेला आवाज घरी आल्यावर विचित्र लागतो. हलगीचा ठोका पडायच्या आधीच तिथे एक फुसका श्वास ऐकू येतो, ठोका बोथट होतो. एन्कोडर एका वेळी शेकडो सॅम्पलच्या खिडकीतून बघतो आणि कमी बिटरेटमध्ये झालेली चूक त्या संपूर्ण खिडकीभर पसरवतो. ठोका खिडकीच्या शेवटी असेल तर चूक ठोक्याच्या आधी ऐकू येते. टाळ आणि झांजेचं वेगळंच होतं, त्यांचा किणकिणाट पाण्याखालून आल्यासारखा गरगरतो, कारण वरच्या पट्ट्यातली माहिती सगळ्यात आधी फेकली जाते. १२८ केबीपीएसला साधारण १६-१७ किलोहर्ट्झच्या वर काही ठेवलंच जात नाही.

गरगर पूर्ण जात नाही. इक्वलायझरवर १० किलोहर्ट्झच्या वरचा भाग ३-४ डेसिबल उतरवला तर ती बोचत नाही. वर चढवून चमक आणायचा प्रयत्न मात्र करू नका, उरलेली घाण तेवढी वर येते. हलगीचा आधीचा श्वास कापायचा तर ठोका सुरू होतो तिथे झूम करा, आधीचे ५ ते १० मिलिसेकंद १० डेसिबलने खाली घ्या आणि ठोक्याला हात लावू नका. मिरवणुकीतल्या शंभर ठोक्यांना हे करत बसू नये. सुरुवातीच्या, एकट्या पडलेल्या ठोक्याला जरूर करावं, कारण प्रेक्षकाचा कान तिथे मोकळा असतो. नॉइज रिडक्शन अशा आवाजावर जपून वापरा. कॉम्प्रेशनने आधीच केलेली गरगर त्याने हमखास वाढते.

आणि एक खास सोलापुरी चकवा. पूर्व भागातल्या घरात रेकॉर्ड केलेल्या बोलण्यात मागे यंत्रमागाची खटखट येते आणि एडिटर तिला डिजिटल दोष समजून क्लिक रिमूव्हल मारत बसतो. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम उघडा. डिजिटल टक्क ही खालपासून वरपर्यंत जाणारी एकच उभी, केसासारखी बारीक रेघ असते. मागाचा ठोका खाली दाट, वर विरळ, मागे शेपूट असलेला आणि ठरलेल्या लयीत येणारा दिसतो. पहिल्यावर क्लिक रिमूव्हल चालतं. दुसऱ्यावर ते काहीच करत नाही, उलट व्यंजनं खातं. तिथे लो-कट (खालच्या पट्ट्यातला आवाज कापणारा फिल्टर) आणि सौम्य नॉइज रिडक्शन हाच मार्ग, किंवा माग बंद असताना पुन्हा रेकॉर्डिंग.

टक्क आवाज काढणं

कटच्या जागी टक्क येत असेल तर लाट मधेच तोडली गेली आहे. ऑडॅसिटीत झेड दाबलं की निवडलेल्या भागाची टोकं शून्य रेषेवर सरकतात. प्रीमिअर किंवा रिझॉल्व्हमध्ये कटवर छोटा क्रॉसफेड द्या. बोलण्याला ५ ते १० मिलिसेकंद पुरतात. सॉफ्टवेअरचा डिफॉल्ट क्रॉसफेड एक सेकंदाचा असू शकतो, तो लावला तर दोन वाक्यं एकमेकांवर चढतात. आधी डिफॉल्ट बदलून घ्या.

मूळ रेकॉर्डिंगमधल्या सुट्या टक्क आवाजासाठी ऑडॅसिटीचा रिपेअर उत्तम आहे, पण तो एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतच चालतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला पावणेतीन मिलिसेकंदही नाही. सॅम्पलचे ठिपके दिसेपर्यंत झूम करून फक्त खराब ठिपके निवडा. संपूर्ण फ्रेमच गेली असेल तर खड्डा २०-२५ मिलिसेकंदांचा असतो. बोलण्यात तो शब्दांच्या मध्ये असेल तर त्याच खोलीतल्या शांततेचा तुकडा तिथे चिकटवा. निव्वळ शून्य शांतता कधीही ठेवू नका. पंख्याची घरघर क्षणभर थांबली की कान लगेच पकडतो. खड्डा संगीतात असेल तर कापून जोडू नका, ताल तेवढ्याने घसरतो. त्याच आवर्तनातला तोच बोल दुसरीकडून उचलून नेमक्या त्याच जागी बसवा.

अर्धवट फायली

वीज गेली, मिक्सर बंद पडला, पेनड्राइव्ह घाईत ओढला. एमपी३ असेल तर नशीब समजा: प्रत्येक फ्रेमला स्वतःची खूण असते, त्यामुळे तुटलेल्या जागेपर्यंत सगळं वाजतं. वेव्ह असेल आणि लांबी शून्य दिसत असेल तर डेटा बहुधा आत आहे, फक्त हेडर भरायचं राहिलं आहे. ऑडॅसिटीत इम्पोर्टमधून रॉ डेटा निवडा, साइन्ड १६ बिट, लिटल एंडियन, २ चॅनल, ऑफसेट ४४ बाइट, आणि रेकॉर्डरचा रेट द्या. नुसता फसफसाट ऐकू आला तर ऑफसेट एका बाइटने हलवा किंवा २४ बिट करून बघा. आवाज दुप्पट वेगाने पळाला तर ते मोनो रेकॉर्डिंग आहे, चॅनल १ करा.

एम४ए आणि एमपी४चं अवघड असतं. त्यांचा पत्ता-तक्ता बहुधा रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिला जातो. तो नसेल तर फाइल उघडतच नाही. त्याच फोनवर, त्याच सेटिंगमध्ये केलेली एक चांगली फाइल मिळवा आणि अनट्रंकसारख्या साधनाला दोन्ही द्या. चांगल्या फाइलवरून ते तुटक्या फाइलचा तक्ता पुन्हा रचतं. तोवर त्या फोनवर किंवा कार्डवर काहीही नवीन रेकॉर्ड करू नका. फोनमधून केबलने कॉपी करताना फाइल अर्धी येण्याचेही प्रकार होतात, म्हणून दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत जुळतो का हे बघितल्याशिवाय फोनमधली फाइल पुसायला सांगू नका.

व्हॉइस नोटबद्दल मात्र आधीच सांगून ठेवा. ती मोनो ओपस असते, प्रीमिअर ती घेत नाही, आणि फोनने नॉइज दाबताना शब्दांची शेपटं खाल्लेली असतील तर ती परत आणता येत नाहीत. निवेदकाला फोनच्या रेकॉर्डर अॅपमध्ये सगळ्यात वरचा दर्जा निवडून बोलायला सांगा आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. डॉक्युमेंट म्हणून व्हॉट्सअॅप २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी पोहोचवतं. व्हिडिओ मागवतानाही हेच. साध्या पद्धतीने पाठवला की चित्र आणि आवाज दोन्ही पुन्हा दाबले जातात.

एक्सपोर्ट

मास्टर वेव्ह किंवा प्रोरेझमध्ये ठेवा आणि कॉम्प्रेशन शेवटी, एकदाच करा. लिमिटरची ट्रू पीक मर्यादा उणे १ डेसिबलवर ठेवा, म्हणजे एन्कोड झाल्यावर शिखरं शून्य ओलांडणार नाहीत. यूट्यूबसाठी एएसी-एलसी, ४८ किलोहर्ट्झ, स्टीरिओ, ३८४ केबीपीएस. मंडपातल्या साउंडवाल्याला पेनड्राइव्हवर द्यायचं असेल तर स्थिर बिटरेटची ३२० केबीपीएस एमपी३ द्या. जुन्या प्लेअरांना बदलता बिटरेट झेपत नाही, वेळ चुकीची दिसते आणि गाणं पुढे ढकलता येत नाही. एक्सपोर्ट झालेली फाइल पुन्हा टाइमलाइनवर ओढून मास्टरच्या खाली ठेवा, सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी जुळते का बघा, आणि एकदा मोनो करून ऐका. मंडपातले भोंगे मोनोच असतात, आणि डाव्या-उजव्या चॅनलपैकी एक उलटा बसला असेल तर निवेदकाचा आवाज तिथे गायब होतो, संगीत तेवढं राहतं. तसं झालं तर एका चॅनलवर इन्व्हर्ट लावून पुन्हा एक्सपोर्ट करा.